"थोडी कीड आतच ठेवलीय": दात भरताना खाली नेमकं काय वाचवतात?

गेल्या उन्हाळ्यात एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी एकोणीस वर्षांची, पुण्यात शिकायला. तिकडच्याच एका दवाखान्यात तिने खालची डावी दाढ भरून घेतली होती. केसपेपर माझ्या टेबलावर ठेवत वडील म्हणाले, "तुम्हीच वाचा डॉक्टर. पैसे पूर्ण घेतले आणि कीड ठेवली आत. वर स्वतःच्या हाताने लिहूनही दिलंय!"

खरंच लिहिलं होतं. तळाशी चिवट कीड मुद्दाम ठेवली आहे, वरून दाढ सील केली आहे, सहा महिन्यांनी एक्स-रे.

मी एक्स-रे पाहिला, दाढ तपासली आणि म्हणालो, "साहेब, तिकीट बरोबर फाडलंय." त्यांना ते पटलं नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. कीड म्हणजे शेवटच्या कणापर्यंत कोरून काढायची, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कॉलेजात आम्हालाही तेच शिकवलं होतं. दाढेच्या तळाशी थोडंसं मऊ राहिलं तर परीक्षक पुन्हा खुर्चीकडे पाठवायचे. मग आता असं काय बदललं? त्यासाठी आधी दाताच्या आत डोकवावं लागेल.

दगडाच्या आत एक बंद खोली

बाहेरून दिसणारं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. त्याच्या वजनात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, अख्ख्या शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून कीड एनॅमलपुरती असते तोवर काहीच कळत नाही. त्याखाली पिवळसर डेंटिन, थोडं मऊ, थोडं लवचिक. आणि मधोमध पल्प. पाठ्यपुस्तकात याला दंतमज्जा म्हणतात, रुग्ण 'नस' म्हणतात. 'नस' या शब्दाने एक गैरसमज होतो, की आत दोरीसारखी एक शीर आहे आणि ती ओढून काढली की काम झालं. प्रत्यक्षात तिथे रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आहेत आणि भिंतीला चिकटून बसलेल्या, डेंटिन बांधणाऱ्या गवंडी पेशी आहेत. जितंजागतं घर आहे ते. या लेखात मी त्याला पल्पच म्हणेन.

खरी गंमत डेंटिनमध्ये आहे. ते भरीव नसतं. पल्पपासून बाहेरच्या दिशेने त्यात सूक्ष्म नळ्या गेलेल्या असतात. बैलगाडीचं चाक आठवा. धावेजवळ आरे एकमेकांपासून लांब असतात आणि तुंब्याजवळ दाटीवाटीने येतात. या नळ्यांचंही तसंच. एनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे साधारण खसखशीचा दाणा व्यापेल तेवढ्या जागेत, १५ ते २० हजार नळ्या असतात. पल्पजवळ त्यांची संख्या ४५ हजारांच्या पुढे जाते, आणि तिथे त्या रुंदही जास्त असतात. म्हणजे कीड जितकी खोल जाते, तितकी पुढची वाट तिला मोकळी मिळते.

या नळ्यांमध्ये द्रव असतो. माठातलं गार पाणी, हवेचा झोत, पेढ्याची साखर, कशानेही तो द्रव हलतो आणि आतल्या मज्जातंतूंच्या टोकांना ओढ बसते. स्वीडनमधल्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात ही गोष्ट प्रयोगांनी दाखवली. म्हणूनच थंड असो वा गोड, किडलेल्या दातातून येते ती एकच, सणसणीत कळ.

आता पल्पची अडचण पाहा. पाय मुरगळला की घोटा सुजतो, कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. पल्प सुजला तर जाणार कुठे? चहूबाजूंनी टणक भिंती, आणि रक्त यायला-जायला मुळाच्या टोकाशी असलेली बारीकशी भोकं. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी अवस्था. रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो तो याच दाबामुळे.

पण पल्प काही अगदीच बापुडवाणा नाही. कीड सावकाश येत असेल तर तो नळ्यांमध्ये खनिज भरून त्या बुजवतो, आणि आतल्या बाजूने नव्या डेंटिनची भिंत चढवतो. त्याला फक्त वेळ हवा असतो. दात भरण्याची सगळी कला म्हणजे त्याला हा वेळ मिळवून देणं.

ड्रिलचाही मार बसतो

पुष्कळ रुग्ण हात वर करून खुणावतात, "ते पाणी बंद करा ना, घशात जातंय." नाही करता येत. झॅक आणि कोहेन या दोघांनी १९६५ साली माकडांच्या दातांना बाहेरून उष्णता देऊन पाहिली. पल्पचं तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांमधला पल्प सावरलाच नाही. कोरडं ड्रिल क्षणात त्यापलीकडे जाऊ शकतं. म्हणून तो फवारा. घशात गेलेलं पाणी खोकून काढता येतं, भाजलेला पल्प नाही.

आणि कोरताना माझ्या मनात एकच हिशेब चालू असतो: खाली डेंटिन किती उरलं? पल्प आणि खड्डा यांच्यामध्ये २ मिलिमीटर निरोगी डेंटिन असेल तर वर काय भरलं याची पल्पला फारशी दखलही घ्यावी लागत नाही. तेच अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आलं की पंचाईत. बाजारात मिळणारं कुठलंही औषध त्या २ मिलिमीटरची बरोबरी करत नाही, हे माझं मत इथेच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

चांदी, लवंग आणि चुना

आपल्या आधीच्या पिढीच्या दाढांत 'चांदी' भरलेली असायची. ती चांदी, कथील, तांबं यांची पूड पाऱ्यात कालवून केलेली असे. वजनाने निम्मा पारा. धातू असल्यामुळे गरम-थंड लगेच आत पोचवायची. सांडशी न घेता पितळी पातेलं उचलण्यासारखं. म्हणून चांदीच्या खाली सिमेंटचा जाड थर घालायची पद्धत पडली. झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, यांचा लेप. जुन्या दातांच्या दवाखान्यात शिरल्याबरोबर यायचा तो वास याचाच.

खड्डा फारच खोल असेल तर आणखी एक गोष्ट वापरली जाई: कॅल्शियम हायड्रॉक्साइड. नाव भारदस्त आहे, पण पानाला लावतात तो चुना म्हणजे रसायन हेच. (घरचा चुना दातात भरू नका. हे लिहावं लागतंय, कारण भरून आलेले लोक मी पाहिलेत.) जर्मनीत हर्मान यांनी १९२० साली ते दातांसाठी आणलं. ते इतकं अल्कधर्मी की जंतू टिकत नाहीत, आणि पल्पच्या पृष्ठभागाला ते जो चटका देतं त्याने गवंडी पेशी कामाला लागून टणक पूल बांधतात. दोष दोन. हळूहळू ते विरघळतं, आणि त्याखाली बांधलेल्या पुलात बऱ्याचदा बारीक भोकं राहतात.

आता चांदी मागे पडते आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारानंतर देशोदेशी ती कमी होत गेली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून, अपवाद वगळता, ती बंदच केली. तिच्या जागी दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आलं. ते उष्णता फारशी वाहत नाही, म्हणजे जाड सिमेंटचं जुनं कारण संपलं. पण निळ्या दिव्याखाली कडक होताना ते दोन-तीन टक्क्यांनी आकसतं. नीट चिकटवलं नाही तर कडेला फट पडते. आपल्याला न दिसणारी, पण जंतूला हमरस्त्यासारखी.

उंदरांनी दिलेला धडा

फटीची एवढी चिंता कशासाठी? १९६५ सालीच अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी एक प्रयोग केला. काही उंदीर नेहमीचे, काही पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेले. दोघांच्याही दाढा कोरून पल्प उघडा पाडला आणि तसाच सोडून दिला. वर औषध नाही, झाकण नाही, उलट खाल्लेलं त्यात कोंबलं जात होतं. नेहमीच्या उंदरांचे पल्प सडले. जंतुमुक्त उंदरांच्या पल्पने मात्र स्वतःहून डेंटिनचा पूल बांधून भोक बुजवलं.

तोवर समज असा होता की पल्प मरतो तो वर भरलेल्या रसायनांमुळे, आम्लांमुळे, धक्क्यामुळे. खरा मारेकरी जंतू निघाला. म्हणजे 'खाली कोणतं औषध घातलं' याच्याइतकाच, किंबहुना जास्तच, 'वरचं झाकण किती घट्ट' हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

मग जंतूच तर आत ठेवले ना?

कंडक्टरसाहेबांनी हाच मुद्दा पकडला. आणि गंमत म्हणजे हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधल्या जॉन टोम्स यांनी १८५९ साली लिहून ठेवलं की पल्पच्या रक्षणासाठी रंग बदललेल्या डेंटिनचा थर राहू दिलेला बरा, दात गमावण्याचा धोका नको. अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक, आधुनिक दंतवैद्यकाचे मोठे गुरू, १९०८ साली बरोबर उलट म्हणाले: मऊ पडलेल्या डेंटिनखाली पल्प झाकून ठेवण्यापेक्षा तो उघडा पडलेला परवडला. विसावं शतक ब्लॅक यांच्या बाजूने गेलं. आता टोम्स यांचं पारडं जड झालंय.

कारण कीड म्हणजे एकच एक पदार्थ नाही. आम्ही चमच्याच्या आकाराचं बारीक हत्यार वापरतो. पहिला थर ओल्या खव्यासारखा निघतो, हत्याराने नुसता गोळा करायचा. हा जंतूंनी खचाखच भरलेला, पूर्ण मोडलेला भाग. तो काढायचाच. त्याखाली लागतो चिवट थर. वाळलेल्या आंबापोळीसारखा, सोलवटून निघतो पण जोर लावावा लागतो. यात खनिज कमी झालेलं असतं, जंतू तुरळक असतात, पण डेंटिनची मूळ चौकट शाबूत असते. त्याखालच्या टणक डेंटिनवरून हत्यार फिरवलं की कर्र आवाज येतो.

पद्धत अशी: खड्ड्याच्या कडा आणि भिंती टणक थरापर्यंत स्वच्छ करायच्या, तिथे जराही तडजोड नाही, कारण झाकण तिथेच चिकटणार असतं. फक्त तळाशी, पल्पच्या अगदी माथ्यावर, चिवट थराला हात लावायचा नाही. तो ओरबाडला तर पल्प उघडा पडण्याची दाट शक्यता. याला निवडक कीड काढणं म्हणतात. २०१६ साली दंतकीड-तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने खोल किडीसाठी याची शिफारस केली, आणि २०१९ साली युरोपातल्या रूट कॅनल तज्ज्ञांच्या संघटनेनेही तीच दिशा धरली.

आत राहिलेल्या जंतूंचं काय होतं? किल्ल्याला वेढा पडावा तसं. रसद तुटते. त्यांचं पोट आपण खाल्लेल्या साखरेवर चालतं; झाकण घट्ट बसलं की ती बंद. बरेचसे मरतात, उरलेले निपचित पडून राहतात. हे पोकळ अनुमान नाही. काही देशांत डॉक्टर आधी तात्पुरतं सील करत आणि काही महिन्यांनी पुन्हा उघडून पाहत. आधी ओलसर, पिवळट असलेला तळ तेव्हा कोरडा, गडद आणि टणक झालेला सापडे. स्कॉटलंडमधल्या नोर्ना हॉल यांनी तर लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर काहीच न कोरता, इंजेक्शनही न देता, थेट स्टीलच्या टोप्या बसवल्या. पुढे त्या दातांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आणि नंतरच्या चाचण्यांतही ती पद्धत टिकली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

दोन गोष्टी मात्र कंडक्टरसाहेबांना कबूल केल्या. एक, वेढा फुटला तर सगळंच मुसळ केरात. कड गळकी असेल तर रसद पुन्हा सुरू होते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोपऱ्यात सुटलं की पावसाळ्यात खालच्या खोलीचं छत ओलं होतं ना, तसंच. दोन, एक्स-रेमध्ये तो थर काळसर दिसतो. उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरला वाटेल की आधीच्याने हयगय केली, आणि तो पुन्हा कोरायला घेईल. म्हणूनच तो केसपेपर. पुण्यातल्या त्या डॉक्टरने लिहून दिलं ते कबुलीजबाब म्हणून नव्हे. तुमच्या बाबतीत असं केलं असेल तर एक्स-रे आणि चिठ्ठी दोन्ही मागून घ्या.

हे सगळं खोल किडीपुरतं. उथळ खड्ड्यात कीड ठेवायचं काही कारण नाही. आणि पल्प आधीच मेला असेल तर वाचवायला उरलंच काय?

आणि पल्प उघडा पडलाच तर?

पूर्वी कोरताना तळाशी लाल ठिपका दिसला की आम्ही सरळ रूट कॅनलकडे वळायचो. आता दर वेळी नाही. रबराचा पडदा लावून दात लाळेपासून वेगळा करायचा, जंतुनाशकात भिजवलेला कापूस काही मिनिटं दाबून धरायचा आणि घड्याळाकडे बघायचं. रक्त थांबलं तर खालचा पल्प बऱ्यापैकी निरोगी असण्याची शक्यता चांगली. थांबतच नसेल तर सूज आत खोलवर गेलीय. मग पल्पचा वरचा भाग काढून मुळातला तेवढा ठेवायचा, किंवा नाइलाजाने रूट कॅनल.

रक्त थांबल्यावर त्या ठिपक्यावर जे ठेवतात ते हल्ली बहुतेक एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट) किंवा बायोडेंटिन असतं. एमटीए १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं. त्याचा पाया काय, तर पोर्टलँड सिमेंट! घराच्या स्लॅबचंच भावंड, अर्थात शुद्ध केलेलं. आपल्याकडे लोक दात भरण्याला पूर्वीपासून 'सिमेंट भरलं' म्हणतात. ते आता अक्षरशः खरं झालंय. स्लॅबसारखंच ते पाण्यात घट्ट होतं, ओलाव्याला भीत नाही, आणि घट्ट होताना त्यातून पुन्हा आपला तोच चुना बाहेर पडतो. फरक हा की ते विरघळून जात नाही आणि खालचा पूल जास्त सलग बांधला जातो. एमटीए घट्ट व्हायला अडीच तासांहून जास्त लागतात आणि दाताला काळसर झाक येऊ शकते. नंतर आलेलं बायोडेंटिन साधारण १२ मिनिटांत घट्ट होतं. दोन्ही महाग आहेत. बिल वाढतं ते त्यामुळे, तरी रूट कॅनल आणि वरची कॅप यांच्या खर्चापेक्षा हे बहुधा स्वस्तच पडतं.

"माझ्या दातात तर खाली काहीच घातलं नाही"

घालायची गरज नसेल. खाली पुरेसं डेंटिन असेल तर कॉम्पोझिट चिकटवणारं द्रावणच नळ्यांची तोंडं बंद करतं. कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मागच्या दातांतल्या कॉम्पोझिटखाली लायनर लावल्याने नंतरची सळ कमी होते असा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. लायनर म्हणजे तळाला दिलेला पातळ लेप. तो सवयीने दर खड्ड्यात फासणं हे जुन्या चांदीच्या काळाचं अवशेष आहे, असं माझं मत. काही सहकारी यावर माझ्याशी भांडतात.

दाताला चिकटणारं, फ्लोराइड सोडणारं ग्लास आयनोमर हे खोल खड्ड्यात तळाशी मी अजूनही आवडीने वापरतो. लवंगेचा लेप मात्र कॉम्पोझिटखाली चालत नाही, युजेनॉलमुळे कॉम्पोझिट नीट कडक होत नाही. आणि घरी दात ठणकतो म्हणून लवंगेच्या तेलाचा बोळा तासन्‌तास धरून येणाऱ्यांची हिरडी पांढरी पडलेली असते. ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो, आतलं काम चालूच राहतं.

भरल्यावरच दुखायला लागलं, ते का?

कारण पल्प जागा झालाय. थंड लागल्यावर क्षणभर सळ येऊन लगेच थांबणं, हे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे चालू शकतं. चावताना नेमकं एकाच जागी टोचत असेल तर बहुधा भराव उंच झालाय. रंगीत कागद चावायला देऊन दोन मिनिटांत घासता येतो, त्यासाठी महिनाभर एका बाजूने जेवू नका. पण थंड घेतल्यावर कळ मिनिटभर रेंगाळत असेल, गरम चहाने ठणका उठत असेल, काही न खाता-पिता रात्री झोपेतून जाग येत असेल, तर वाट पाहू नका. आणि एखादा दुखणारा दात उपचाराविना अचानक गप्प झाला तर खूश होऊ नका. पल्प मेला की तो गप्पच होतो.

कंडक्टरसाहेब दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन परत आले, सहा महिन्यांच्या एक्स-रेसाठी. मुळांच्या टोकाशी काही नव्हतं. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून मी तो दाढेला टेकवला. मुलगी खुर्चीत दचकली, "आई गं!" वडील लगेच पुढे सरसावले, "बघा, अजून दुखतंय!" मी बोळा काढला. एक, दोन. "आता?" मी विचारलं. "आता काही नाही," ती म्हणाली. मी केसपेपरवर पुण्याच्या डॉक्टरच्या अक्षराखाली लिहिलं: थंड, २ सेकंद, पल्प जिवंत. वडिलांनी तो कागद घडी घालून तिकिटांच्या जुन्या पाकिटात ठेवला.